कॉनराड श्लुंबर्जे : जमिनीत मारलेल्या भोकाला बोलतं करणारा माणूस



आज मोबाईल नाही, ॲप नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगतो. मुंबई हायच्या समुद्रात, टेक्सासच्या माळावर किंवा रशियातल्या बर्फात, जिथे जिथे तेलविहीर खोदतात तिथे याचं आडनाव माहीत नसलेला इंजिनिअर सापडणार नाही. पण आपल्या कळवण तालुक्यात बोअर मारण्याआधी जे चार सळ्या आणि एक डबा घेऊन येतात, त्यांच्या कामाच्या पद्धतीलाही त्याचंच नाव आहे. ते काम करून घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र हे नाव सहसा माहीत नसतं.

माणसाचं नाव कॉनराड श्लुंबर्जे. जन्म १८७८, मृत्यू १९३६. मी कळवणचा आहे, बोअरच्या गाड्यांचा आवाज ऐकत मोठा झालोय, म्हणून या माणसाकडे मी थोडा वेगळ्या नजरेने बघतो. जमिनीत भोक पाडणारे लोक त्याच्या आधीही होतेच. कॉनराडने त्या भोकाची नोंद कशी ठेवायची हे शिकवलं. तेलविहिरींवर सरकार आज जी देखरेख ठेवू शकतं, तिला या नोंदीचा मोठा आधार आहे. आपल्या बोअरच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट राहून गेली आहे.

चला, सुरुवातीपासून बघू.

सरहद्दीवरचं घर

कॉनराडचा जन्म २ ऑक्टोबर १८७८ चा, आल्सेस भागातल्या गेबविलेर गावातला. आल्सेस म्हणजे फ्रान्स आणि जर्मनीच्या मधला पट्टा. १८७१ च्या युद्धानंतर तो जर्मनीकडे गेला होता. म्हणजे घर मनाने फ्रेंच, पण राज्य जर्मन. आपल्याकडे बेळगावकडच्या मंडळींना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

घराणं कापड गिरण्यांची यंत्रं बनवणारं. वडील पॉल उद्योजक, पण विज्ञानाची मनापासून ओढ असलेले. आई मार्गरीत ही फ्रान्सचे एकेकाळचे पंतप्रधान गीझो यांच्या घराण्यातली. भावंडांपैकी झाँ लेखक झाला. मार्सेल मात्र पुढे आयुष्यभर कॉनराडचा जोडीदार राहिला.

दोघा भावांची जोडी समजून घेण्यासारखी आहे. कॉनराड शिकला एकोल पॉलिटेक्निकमध्ये, डोक्याने पक्का भौतिकशास्त्रज्ञ. मार्सेल सहा वर्षांनी धाकटा, हाताने पक्का इंजिनिअर. एकाने कल्पना मांडायची आणि दुसऱ्याने ती चिखलात, पावसात, धक्क्यात टिकेल असं यंत्र बनवायचं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा जोड्या बऱ्याच दिसतात, पण सख्ख्या भावांची इतकी टिकलेली जोडी विरळाच.

तांब्याच्या टबातला प्रयोग

१९०७ मध्ये कॉनराड पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयात, म्हणजे एकोल दे मीनमध्ये, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. तिथे त्याला एक साधा प्रश्न पडला. खाणीसाठी जमीन खोदायची तर खर्च प्रचंड, आणि खाली काय आहे हे खोदल्याशिवाय कळत नाही. न खोदता कळेल का?

त्याला माहीत होतं की वेगवेगळे खडक विजेला वेगवेगळा अडथळा करतात. धातूचं खनिज वीज सहज जाऊ देतं, कोरडा कडक खडक जाऊ देत नाही. मग जमिनीत वीज सोडली आणि वरून मोजलं, तर आतल्या खडकाचा अंदाज यायला हवा.

१९११ च्या सुमारास महाविद्यालयाच्या तळघरात त्याने एक तांब्याचा टब घेतला, त्यात वाळू भरली, आत खडकाचे तुकडे पुरले, वीज सोडली आणि पृष्ठभागावर ठिकठिकाणी विद्युत दाब मोजला. खाली काहीतरी पुरलंय हे आकड्यांमध्ये दिसत होतं.

टबात जमलं म्हणून शेतात जमेलच असं नाही. १९१२ मध्ये नॉर्मंडीतल्या वाल-रिशे या घरच्या जमिनीवर त्याने तारा पसरल्या आणि समान दाबाच्या रेषांचा पहिला नकाशा काढला. रेषा गोल यायला हव्या होत्या, त्या वाकड्या आल्या, कारण खालची जमीन एकसारखी नव्हती. पुढे महायुद्धाच्या आधीच सर्बियातल्या बोर इथे तांब्याच्या खनिजासाठी ही पद्धत वापरली गेली.

वडिलांनी घातलेली अट

मग पहिलं महायुद्ध आलं. कॉनराड तोफखान्यात होता. युद्धाने त्याला आतून बदललं. तो कट्टर युद्धविरोधी झाला आणि समाजवादी विचारांकडे झुकला.

युद्ध संपलं, पण कामाला पैसे कुठून आणायचे? नोव्हेंबर १९१९ मध्ये वडिलांनी दोन्ही मुलांशी लेखी करार केला. संशोधनासाठी ५ लाख फ्रँकपर्यंत रक्कम द्यायचं कबूल केलं. अट काय, तर विज्ञानाचं हित आधी आणि पैशाचं नंतर. धंदा काढणाऱ्या बापाने मुलांना घातलेली ही अट मला फार मोलाची वाटते. आजच्या भाषेत सांगायचं तर गुंतवणूकदारच सांगतोय की बाबांनो, नफ्याची घाई करू नका, आधी मोजमाप खरं येऊ द्या.

आणि खरंच, पुढची काही वर्षं हातात फार काही पडलं नाही. १९२० मध्ये कॉनराडने आपल्या पद्धतीवर पुस्तक काढलं. १९२३ मध्ये रोमेनियात अरिचेश्ती इथे जमिनीवरून मोजणी करून तेलाच्या भागातली भूगर्भाची रचना नकाशावर आणली. १९२६ मध्ये भावांनी कंपनी स्थापन केली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही कंपनी तेल काढत नव्हती, ती फक्त मोजून देत होती. विहीर ज्याची, तेल त्याचं. यांचं काम खाली काय आहे ते सांगण्याचं.

चार सळ्यांचं गणित

आता थोडं तंत्र समजून घेऊ. घाबरू नका, दहावीच्या विज्ञानाएवढंच आहे.

जमिनीत एका सरळ रेषेत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांमधून करंट सोडायचा. आतल्या दोन सळ्यांमध्ये किती व्होल्टेज आहे ते मोजायचं. व्होल्टेज भागिले करंट, म्हणजे ओहमचा नियम. त्यात सळ्यांमधल्या अंतराचा हिशोब धरला की जमिनीचा विद्युत रोध मिळतो. त्याचं एकक ओहम-मीटर.

गंमत पुढे आहे. बाहेरच्या सळ्या जवळ असतील तर करंट वरच्या वर फिरतो. त्या लांब नेल्या की करंट खोल उतरतो. म्हणून सर्वेक्षण करणारे दोन्ही बाजूंनी तार ओढत लांब लांब जातात आणि प्रत्येक अंतरावर आकडा लिहितात. आतल्या दोन सळ्या मात्र जवळजवळ जागच्या जागीच राहतात. या मांडणीला जगभर श्लुंबर्जे मांडणी म्हणतात. दुसरी एक वेनर मांडणी आहे, तिच्यात चारही सळ्या दरवेळी हलवाव्या लागतात. शेतात, बांधावर, काट्याकुट्यात काम करायचं तर श्लुंबर्जेची पद्धत सोपी पडते. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही पाणी शोधायला विद्युत रोधाची मोजणी वापरते.

आपल्याकडचा खडक बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक. कडक काळा पाषाण शेकडो ओहम-मीटर रोध दाखवतो. कुजलेला, भेगाळलेला, पाणी धरून असलेला खडक बराच कमी दाखवतो, साधारण काही दहांमध्ये. पण इथेच एक खोच आहे. ओल्या चिकणमातीचा आणि दोन थरांमधल्या लाल मातीचा आकडाही कमीच येतो, आणि त्यातून पाणी मिळतंच असं नाही. म्हणजे यंत्र पाणी दाखवत नाही, ते फक्त रोध दाखवतं. पाणी असेल की नाही हा अर्थ माणसाने लावायचा असतो. आणि अर्थ बरोबर लागायला आजूबाजूच्या जुन्या बोअरची माहिती हाताशी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

५ सप्टेंबर १९२७

वरून मोजून मिळतो तो अंदाज. कॉनराडला वाटलं, विहीर खोदलेलीच आहे तर यंत्र आतच का सोडू नये?

त्या काळी तेलविहिरीत कोणता थर कुठे आहे हे बघायला खडकाचा दंडगोल कापून वर काढत. काम संथ आणि महाग. खडक ठिसूळ असला तर नमुना हातात यायच्या आधीच तुटायचा. मधल्या थरांची नोंद तशीच राहून जायची.

५ सप्टेंबर १९२७ रोजी आल्सेसमध्येच, पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात, कॉनराडचा जावई आंरी डॉल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी एका विहिरीत तारेला बांधून इलेक्ट्रोड सोडले. एक मीटर वर ओढायचं, थांबायचं, आकडा घ्यायचा. पुन्हा एक मीटर. ते आकडे कागदावर मांडले आणि रेघ जोडली. कुठे रोध कमी, कुठे एकदम जास्त. विहिरीचा जणू ईसीजी तयार झाला.

जगातला हा पहिला विद्युत लॉग. लॉग म्हणजे काय, तर भोकाची खोलीनुसार नोंद. खारं पाणी भरलेला वाळूचा थर विजेला सहज जाऊ देतो. त्याच थरात तेल असेल तर रोध वाढतो, कारण तेल वीज वाहू देत नाही. शिवाय शेजारच्या दोन विहिरींचे लॉग बाजूबाजूला ठेवले की तोच थर दोन्हीकडे ओळखता येतो. अशा दहा विहिरी जोडल्या की जमिनीखालचा नकाशा तयार. दहा एकट्या भोकांमधून एक अख्खं चित्र उभं राहतं. कॉनराडचं खरं मोठेपण मला इथे दिसतं.

कागद जमा झाले, सरकारला डोळे आले

१९२९ मध्ये हे काम व्हेनेझुएला, अमेरिका आणि सोव्हिएत रशियात पोचलं. मग जागतिक मंदी आली, कामं बंद पडली. त्या वाईट काळात ग्रोझनी आणि बाकूच्या तेलक्षेत्रांतल्या कामाने कंपनीला तगवलं. १९३१ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की करंट न सोडताही विहिरीत आपोआप थोडा विद्युत दाब तयार होतो, आणि कोणत्या थरातून द्रव वाहू शकतो हे त्यावरून कळतं. रोध आणि हा दाब, दोन्ही रेघा शेजारी आल्या आणि लॉग वाचणं खूप सोपं झालं. १९३४ मध्ये ह्यूस्टनला अमेरिकी कंपनी उभी राहिली.

त्याच काळात टेक्सासमध्ये काय चाललं होतं? १९३० मध्ये पूर्व टेक्सासात प्रचंड तेलसाठा सापडला आणि ज्याला जमेल त्याने विहीर मारली. एकमेकांना खेटून विहिरी. तेल इतकं निघालं की भाव कोसळला, जमिनीखालचा दाबही घसरू लागला. १९३१ मध्ये गव्हर्नरला सैनिक पाठवून विहिरी बंद कराव्या लागल्या. पुढे कुणी किती तेल काढायचं हे तिथलं रेल्वे कमिशन ठरवू लागलं. नाव रेल्वेचं, काम तेलावर नियंत्रणाचं.

नियंत्रण ठेवायचं तर आधी मोजायला हवं. त्यामुळे तेलविहिरीच्या प्रत्येक टप्प्याला कागद आला. परवाना, खोदाई सुरू झाल्याची तारीख, खोली, केसिंग, विहीर पूर्ण झाल्याचा अहवाल आणि शेवटी ती बुजवल्याची नोंद. खासगी पातळीवर ड्रिल बिट बनवणाऱ्या ह्यूज कंपनीने १९४४ पासून चालू रिगची आठवड्याची मोजणी सुरू केली. ती आजही दर आठवड्याला येते आणि तेलबाजार तिच्याकडे डोळे लावून असतो.

भारतातही हीच वाट आहे. तेलक्षेत्रांचा कायदा १९४८ चा, त्याखालचे जुने नियम १९५९ चे होते. त्या नियमांनुसार जमिनीवरच्या तेलक्षेत्राचा परवाना राज्य सरकार केंद्राच्या मंजुरीने देत असे, समुद्रातला केंद्र देत असे. १९९३ पासून यावर हायड्रोकार्बन महासंचालनालय आहे, आणि २०१७ पासून विहिरींची माहिती एका राष्ट्रीय भांडारात जमा होते. १९७४ मध्ये सागर सम्राटने मुंबई हायला तेल शोधलं, तेव्हापासून तिथल्या विहिरींचे लॉग साठत आले आहेत. पन्नास वर्षांनी नवा इंजिनिअर आला तरी तो जुनी रेघ काढून वाचू शकतो.

जाता जाता, मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न: कळवणला तेल निघेल का? आपल्या पायाखाली लाव्हाचा खडक आहे, त्यात तेल तयार होत नाही. मात्र या लाव्हाच्या खाली जुने गाळाचे थर आहेत का, हे नर्मदा-तापी पट्ट्यात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने तपासलंय. त्यासाठी वापरलेल्या पद्धतींमध्ये विद्युत रोधाची खोल मोजणीही होती. म्हणजे कॉनराडच्या सळ्या तिथेही होत्याच.

शेवटचा प्रवास

९ मे १९३६ रोजी सोव्हिएत रशियाहून परतताना स्टॉकहोममध्ये कॉनराडचा मृत्यू झाला. वय ५७. मार्सेलने पुढे १९५३ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, काम चालवलं. दोघे गेले, पण पद्धत राहिली. ती व्यक्तीवर नाही, कागदावर उभी होती.

आणि आपला बोअर?

आता कळवणकडे येऊ. गिरणा आपली, चणकापूर आणि पुनद धरणं आपली, तरी एप्रिल लागला की कांद्याला आणि डाळिंबाला पाणी कमी पडतं आणि गाड्या सुरू होतात. नारळ उभा करणारा पाणाड्या येतो किंवा सळ्यांवाला येतो. रात्रीत बोअर होतो. पाणी लागलं तर पेढे. कोरडा गेला तर वर दगड ठेवायचा आणि विषय संपवायचा.

माझ्या भावकीतल्या एका काकांनी तीन वर्षांत चार बोअर घेतले. तीन कोरडे. चौथ्याच्या वेळी सर्वेक्षणवाल्याने विचारलं, आधीच्या बोअरला लाल माती किती फुटांवर लागली होती? घरात कुणालाच आठवेना. गाडीवाल्याकडेही नोंद नव्हती, त्याच्याकडे फक्त एकूण फुटांचं बिल. म्हणजे तीन बोअरचे पैसे तर गेलेच, त्यांनी दिलेली माहितीही गेली. मला जास्त दुःख दुसऱ्या गोष्टीचं झालं. कोरडा बोअरही शेजारच्या दहा शेतकऱ्यांना काहीतरी सांगत असतो, पण आपण त्याला बोलूच देत नाही.

कायदा नाही असं नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणलं. २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला. त्यात विहिरींची नोंदणी, खोदणाऱ्या रिगची नोंदणी आणि ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. आता आमच्याकडे पारावर बसलात तर ३००-४०० फुटांचे आकडे सहज कानावर येतात. कागदावरचा नियम आणि पारावरचा आकडा यांच्यात जे अंतर आहे, ते नोंदीचं आहे. जी भोकं कुणी मोजलीच नाहीत, त्यांचं नियमन कोण करणार? आणि नियमन होत नाही तोवर ज्याच्याकडे जास्त खोल जायला पैसा, त्याचं पाणी. शेजाऱ्याची जुनी विहीर आटते, आणि का आटली हे तो सिद्धही करू शकत नाही.

पुढचा बोअर घेताना एवढं करा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

१. दर १० फुटांना वर येणारा चुरा मूठभर घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, वर खोली लिहा. काळा, करडा, लाल, पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या, जसा असेल तसा.

२. ओल कुठे लागली, पाणी किती फुटांवर आलं, पुढे वाढलं का, हे तिथेच वहीत लिहा. शेवटी किती इंच पाणी तेही लिहा.

३. केसिंग किती फूट टाकलं ते बिलावर लिहून घ्या. पुढे कॅमेरा किंवा मोटर सोडताना उपयोग होतो.

४. मोबाईलवर बोअरचं नेमकं ठिकाण जतन करा, गट नंबरसोबत.

५. कोरडा गेला तरी हे सगळं करा. आणि तोंड पक्कं बंद करा. उघडा बोअर लहान मुलाचा जीव घेऊ शकतो.

६. सळ्यांचं सर्वेक्षण केलंत तर फक्त खूण केलेली जागा घेऊ नका. आकड्यांचा तक्ता आणि आलेख मागून घ्या. पैसे त्याचेच दिलेत.

गावातल्या वीस जणांनी अशा वह्या ग्रामपंचायतीत ठेवल्या, तर एकविसावा माणूस अंधारात पैसे टाकणार नाही. पेशेलब्रॉनच्या त्या विहिरीवर एक एक मीटर थांबून आकडे लिहिणाऱ्यांनी वेगळं काही केलं नव्हतं.

तुमच्या गावात बोअरची अशी नोंद कुणी ठेवतं का? ठेवत असतील तर खाली जरूर कळवा, त्यांची पद्धत सगळ्यांना उपयोगी पडेल. आणि घरात यंदा बोअरचा विचार चालू असेल, तर गाडी बोलावण्याआधी हा लेख त्यांना पाठवा.